पॅराशूटला ठिगळ

स्पर्धेच्या पहिल्या फेरीत दिनकररावांचं मॉडेल रॉकेट चुन्याच्या वर्तुळात उतरायचं सोडून पॅराशूटसकट वाऱ्यावर तरंगत कुंपणापलीकडच्या बाभळीवर जाऊन बसलं.

"एवढं कसं वाहवलं?" ते वैतागले. "हवा निघून पटकन खाली यावं म्हणून तर पॅराशूटला मधोमध भोक पाडलं होतं!"

"ते मुद्दाम होतं?" बायको चपापली. "मी कालच ठिगळ लावलं की हो."

चाळीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बाईला भोक बघवतंय कुठलं! दिनकरराव पोट धरून हसले. बाभळीवरून पॅराशूट काढून आणल्यावर तिनेच पर्समधली कात्री काढून आपलं ठिगळ कापून टाकलं.

दुसऱ्या फेरीत रॉकेट थेट वर्तुळात उतरलं.

"अगं, पहिला नंबर!" दिनकरराव नाचायलाच लागले.

"नंबर राहू द्या. भोक बघा, कसं गोल आलंय! तुमचं वाकडं होतं."