विरघळणारा खिळा

योगिनीनं बिरूची चाकाची खुर्ची प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावरून अलगद आत घेतली. त्याच्या घोट्याला कच्चं प्लास्टर होतं. आटलेल्या नाथसागर धरणाच्या तळात मेंढरांमागं धावताना पाय भेगेत जाऊन हाड मोडलं होतं.

समोरच्या हॉस्पिटलात डॉक्टर स्टीलची पट्टी टाकायला तयार होते, बिरूच तयार नव्हता. पट्टी काढायला वर्षानं पुन्हा पाय चिरायचा, पुन्हा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करायची. "माझी लेक हाडात विरघळणारा खिळा बनविती. तोच टाका," असं त्यानं अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं होतं. डॉक्टरांनी दुपारपर्यंत मुदत दिली होती.

"आबा, तो खिळा अजून माणसात टाकत नाहीत."

"मंग चार वर्षं काय करायलीस इथं?"

तिनं संगणकाचा पडदा त्याच्याकडं वळवला. मायक्रोस्कोपखालच्या बशीत खिळ्याच्याच धातूचा, मॅग्नेशियमचा, बारीक तुकडा होता आणि भोवती हाडाच्या जिवंत पेशी. रात्रभर टिपलेली चित्रं तिनं भरभर पळवली. धातूतून बुडबुडे उठले. जवळच्या पेशी आक्रसल्या, गोल झाल्या, सुटून तरंगायला लागल्या. लांबच्या मागं सरकल्या. धातूभोवती रिकामी कड उरली.

बिरू पुढं वाकला. "बुजली की गं सारी."

"धातू लई लवकर विरघळतोय. त्यांना सोसत नाही."

"मेली किती?"

"जवळची सगळी."

बिरूनं प्लास्टरवरून हात फिरवला.

"स्टीलच टाका म्हण त्यांना," तो म्हणाला. "आन् वॉर्डात तू काय बोलू नको. खिळे सारे खपले म्हणून मीच सांगतो."

योगिनी हसली, पण तिला त्याच्याकडं बघवेना. तेवढ्यात तिचा फोन वाजायला लागला, वॉर्डातून होता. तिनं खुर्चीचा दांडा धरला. पडद्यावर आत्ताचं, नवं चित्र उमटलं. बुडबुडे कमी झाले होते.

"थांब," बिरूनं चाक हातानं अडवलं. "एक माघारी वळलंय बघ."

रिकाम्या कडेवर एका पेशीनं धातूच्या दिशेनं बारीक पाय पुढं टाकला होता.

फोन वाजत राहिला.