सेल्वराजची शिकवणी

"मावशी, भेंडी ताजा आहे का?"

"एकदम ताजा, साब!"

सांगलीला बदलून आलेल्या सेल्वराजने मराठी शिकायचा चंगच बांधला होता. पण त्याची एक चूक ऐकली, की अख्खी पेठ अदबीने हिंदीत शिरायची. घरमालकाचा पोपटसुद्धा त्याला बघून "आइए, आइए" करायचा.

एकदा त्याने चुकून पिठाच्या गिरणीच्या दारातच स्कूटर लावली. गिरणीवाल्या आक्का तावातावाने बाहेर आल्या. "मुडद्या, गिऱ्हाइकांनी काय तुझ्या डोक्यावरून आत यायचं?"

सेल्वराज हरखला. "आक्का, किती छान बोलतो तुम्ही! अजून बोला ना!"

आक्का एकदम वरमल्या. "अरे, आप बाहर के हो? रहने दो, रहने दो."

घाबरून त्याने स्कूटर आणखी हातभर आत ढकलली, तेव्हा कुठे आक्का पुन्हा मराठीवर आल्या.