ऑरिन हॉगनची चौकशी

"गुन्हेगार शोधायचाय," बेव्हर्ली म्हणाली आणि तिने पर्स काउंटरवर आपटली.

मार्लिसने चष्म्यावरून पाहिलं. कोर्टाच्या नोंदींच्या या काउंटरमागे तिचं उभं आयुष्य गेलं होतं. "कोणता हवाय? आमच्याकडे फारसे नाहीत."

"ऑरिन हॉगन. शनिवारी तो माझ्या आईशी लग्न करतोय. त्याच्या नावावर काही निघालं ना, तर हे लग्न मी होऊ देणार नाही."

ही लग्नाची बातमी हॅल्वर काउंटीत शिळी झाली होती. बेव्हर्लीची आई आर्डिस नवरा गेल्यापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, प्रार्थना संपली की कुणाशी न बोलता घरी जायची. मग चर्चच्या पॅनकेकच्या जेवणात ऑरिनने रांगेत उभ्या उभ्या तिला हसवलं, आणि त्यानंतरच्या रविवारी बाई थेट पुढच्या बाकावर. ऑरिन सत्तरीचा, डुकरं पाळणारा, बोलायला गोड. लेक शहरात राहणारी. तिला त्या गोड बोलण्याचीच धास्ती.

"कोपऱ्यातला संगणक सगळ्यांसाठी खुला आहे," मार्लिस म्हणाली. "आडनाव आधी, मग नाव, मग जन्मतारीख."

"जन्मतारीख कशाला?"

"इथे निम्मं गाव हॉगन आहे."

बेव्हर्लीला धीर कुठला? तिने नुसतंच नाव टाकलं आणि क्षणात ओरडली, "सापडला! दोषी!"

मार्लिस सावकाश उठून आली. "हा त्याचा चुलतभाऊ. परवान्यापेक्षा जास्त मासे धरले म्हणून दंड झाला होता. आणि हे किरकोळ गुन्हे आहेत. मोठे गुन्हे त्या दुसऱ्या रकान्यात."

दुसऱ्या रकान्यात जन्मतारखेसकट शोधलं. काहीच नाही.

"कॅफेत लोक म्हणतात, तरुणपणी त्याने कुणाची तरी गाडी पळवली होती," बेव्हर्ली हट्टाने म्हणाली.

"कुणाची?"

"तेच तर कुणाला आठवत नाही."

"इतकं जुनं असेल तर तळघरात. जुने कागद तिथे फिल्मच्या रिळांवर उतरवलेत, चला, यंत्रावर लावून देते. पण इथे फक्त आपल्या काउंटीचं मिळेल हं. त्याने शेजारच्या काउंटीत काही केलं असेल तर तिकडच्या कोर्टात जावं लागेल."

"तो राहिलाय तिकडे?"

"तो तिकडे जेवायलासुद्धा जात नाही."

बेव्हर्लीला तळघरात बसवून मार्लिस डबा आणायला आपल्या गाडीकडे गेली. आमच्या गावात गाडीला कुलूप लावायची पद्धत नाही. ऑगस्टमध्ये तेवढं लावतात, कारण उघडी गाडी दिसली की शेजारीपाजारी परसातल्या नकोशा झालेल्या काकड्या सीटवर ओतून जातात. मार्लिस मात्र बारा महिने लावते, आणि लावल्यावर दोनदा हँडल ओढून बघते. "मार्लिस, आत सोनं ठेवलंयस का?" असं लोक विचारतात. ती किल्ली खिशात टाकते आणि चालू लागते.

बऱ्याच वेळाने बेव्हर्ली वर आली. बोटं काळी, केसांना जळमट.

"काही नाही," ती म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तोंड उतरलं होतं. मग तिचा आवाज खाली आला. "मला एकच आई आहे, मार्लिस. कागदांचं राहू दे. तुम्ही जन्मभर इथे आहात. तुमची आई असती तर तिला त्याच्या गाडीत बसू दिलं असतं?"

मार्लिसने खिशातली किल्ली चाचपली. बाहेर झेंड्याची दोरी खांबावर वाजत होती.

"त्याच्या गाडीत नाही," ती म्हणाली. "त्या ट्रकमधला डुकरांचा वास काही केल्या जात नाही."

बेव्हर्लीला सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "आणि माणूस?"

"माझं त्याच्याकडे काही येणं नाही. आणि आर्डिस पुढच्या बाकावर बसते ते मला आवडतं."

बेव्हर्लीने पर्स उचलली. "शनिवारी या," एवढंच म्हणून ती गेली.

तिच्या पावलांचा आवाज थांबल्यावर मार्लिसने हाक मारली, "ये बाहेर. तुला लपायला ते कोल्ड्रिंकचं मशीन पुरत नाही."

ऑरिन टोपी चुरगाळत पुढे आला. तो लग्नाचा परवाना न्यायला आला होता आणि होणारी लेक दिसताच मशीनमागे घुसला होता.

"काय सांगितलंस तिला?"

"न्यायाधीशांनी तुझी फाइल कायमची मोहोरबंद केली, तेव्हा कुणी विचारलं तर जे सांगायचा हुकूम दिला तेच. अशी नोंद नाही. तिला कळलं तर काय करशील ते तुझं तू बघ."

"आर्डिसला मी सगळं सांगितलंय. पहिल्याच दिवशी, पॅनकेकच्या रांगेत. त्यावरच तर ती हसली." तो मान खाली घालून म्हणाला, "बेव्हर्लीलाही सांगीन. लग्नाआधी. तुझ्याकडे मात्र अजून बघवत नाही."

मार्लिसने परवान्यावर शिक्का मारला आणि कागद त्याच्याकडे सरकवला. मग खिशात हात घालून तिने आपल्या गाडीची किल्ली त्या कागदावर ठेवली.

"नवरीला डुकरांच्या ट्रकमधून नेऊ नकोस. ही घेऊन जा. आणि ऑरिन, या वेळी तरी तारा जोडू नकोस, किल्लीने सुरू कर."