दोनातला एक

डॉक्टरांनी संध्याकाळी पाचपर्यंत काय ते ठरवा म्हणून सांगितलं होतं, आणि दुपारपासून ख्वाजाने सयाजीला चार फोन लावले होते.

ख्वाजाच्या बायकोची, बिबीजानची, काळजाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन केलं तर खडखडीत बरी होईल, नाहीतर टेबलावरच जाईल. नाही केलं तर घरी गोळ्यांवर सहा महिने, फार तर वर्ष. "दोन्हींत चूक काही नाही. निर्णय तुमचा," डॉक्टर म्हणाले होते. बिबीजानचा निर्णय कधीच झाला होता. तिला घरी जायचं होतं, आपल्या खाटेवर, लेकीच्या हातचा चहा प्यायला. पण चाळीस वर्षांत बायकोचं ऐकायची ख्वाजाला सवय नव्हती, आणि स्वतःचं स्वतः ठरवायची तर त्याहून नव्हती.

ख्वाजा रिक्षांच्या सीटा शिवायचा आणि शनिवार-रविवार पुण्याच्या घोड्यांवर खेळायचा. शौकीन माणसं घोडा कसा निवडतात म्हणाल, तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बाळासो चहावाला जॉकीच्या टोपीचा रंग बघायचा. एक रिटायर मास्तर नातीच्या जन्मतारखेचा आकडा धरायचे. कुणी रेसच्या पुस्तकातली वजनं, मागच्या वेळा पेन्सिलीने खुणा करकरून पाठ करायचा आणि शेवटी पहाटेच्या स्वप्नावर पैसे लावून मोकळा व्हायचा. ख्वाजाची तऱ्हा या सगळ्यांहून न्यारी. तो सयाजीवर खेळायचा.

सयाजी नालबंद. जन्म घोड्यांच्या खुरांशी गेलेला. पण नशीब असं फुटकं, की आठ वर्षांपूर्वी त्याने नाव घेतलेले सात घोडे ओळीने हरले. त्याने खेळणंच सोडलं. नुसता बाळासोच्या दुकानात टीव्हीवर घोडे बघायला येऊन बसायचा. तेव्हाच ख्वाजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मनात दोन घोडे आले की तो दोन्ही सयाजीपुढे टाकायचा. "सयाजी, दोनातला कंचा?"

शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात, तेव्हा सयाजी पडद्याला नाक लावायचा. मान बघायचा, श्वास बघायचा, पाऊल कसं पडतंय ते बघायचा. मग एकाचं नाव घ्यायचा. ख्वाजा गंभीरपणे मान डोलवायचा, फोन घेऊन बाहेर जायचा आणि दुसऱ्यावर पैसे लावायचा.

आठ वर्षं हे चाललं होतं आणि क्वचितच चुकलं होतं. जोयाचं, त्याच्या लेकीचं, लग्न त्यातच निघालं. सयाजीपुढे मात्र ख्वाजा उतरलेलं तोंड करून बसायचा. "तुझ्या घोड्यानं बुडवलं की रं," म्हणायचा आणि वर चहा पाजायचा. कधीकधी त्याला या लबाडीची फार लाज वाटायची. पण पनवती माणसाला तू पनवती आहेस, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

सयाजी चारच्या सुमारास दवाखान्यात आला. ख्वाजाने त्याला सगळं सांगितलं आणि ओठांवर आलं तसंच विचारलं, "दोनातलं कंचं करू?"

सयाजीने एकदा त्याच्याकडे नीट बघितलं. मग चपला काढून आत गेला. काचेतून ख्वाजाला दिसत होतं. सयाजी पलंगाशी उभा होता. बिबीजानची मान बघत होता, उशीवरचा तिचा श्वास बघत होता. ख्वाजाचा जीव टांगणीला लागला. त्याला बायको वर्षापुरती नको होती, सगळीच्या सगळी हवी होती. सयाजीने ऑपरेशन कर म्हटलं, तर संपलंच.

सयाजी बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते.

"घरला ने, ख्वाजा. दम न्हाय ऱ्हायला वयनींच्यात. टेबलावर न्हाय टिकायच्या त्या."

ख्वाजा हमसून हमसून रडला. इतका आनंद त्याला कुठल्या घोड्याने दिला नव्हता. सयाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "सकाळी गाडी घिऊन येतो मी," म्हणाला आणि गेला.

पाचला पाच मिनिटं असताना ख्वाजाने ऑपरेशनच्या कागदावर सही केली. बिबीजानने तोंड भिंतीकडे फिरवलं. "बरी झालीस की नेतोच घरी," असं तो तिला समजावत राहिला. ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही.

सकाळी सयाजी ओळखीच्याची व्हॅन घेऊन आला. मागे गादी टाकलेली होती. पलंग रिकामा बघून तो धावत वर आला, तेव्हा ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडून डॉक्टर बाहेर येत होते. त्यांनी मान हलवली, ख्वाजाच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

ख्वाजाने सयाजीची गचांडी धरली.

"तुझं खरं व्हायचं न्हवतं रं! कवाच खरं होत न्हाय तुझं! आठ वरसं तू सांगितलेला घोडा सोडून दुसऱ्यावर लावतोय मी, म्हायती हाय तुला? आठ वरसं!"

सयाजीने त्याचे हात सोडवले नाहीत.

"म्हायती हाय की," तो म्हणाला. "पयल्या वरसापास्नं म्हायती हाय. म्हणून तर हरणारा घोडा सांगत आलो तुला, तू दुसऱ्यावर लावावंस म्हणून. पर वयनींच्या बाबतीत बी तू उलटंच करशील, हे माझ्या सपनात बी आलं न्हाय रं."