सरांचं प्लास्टर

एकोणीसशे बहात्तर साल होतं. हाडांच्या विभागाची सोमवारची सभा भरली होती, आणि सरांनी भिरकावलेली एक्स-रेची फिल्म बाईसाहेबांच्या कपाळावर येऊन लागली. फिल्मचा कोपरा धारदार होता. भुवईवर रक्ताची रेघ उमटली.

"उचला," सर म्हणाले.

तिने उचलली. 'बाईसाहेब' हे तिचं चेष्टेतलं नाव. वीस शिकाऊ डॉक्टरांत ती एकटीच मुलगी आणि सगळ्यांत नवी. सर विभागाचे प्रमुख. हातात जादू होती त्यांच्या. मोडकं हाड त्यांच्या हाती गेलं की निमूट जागेवर बसायचं. शिकवायचे मात्र हातोडीने. चुकीचं उत्तर आलं की ऑपरेशनची पोलादी हातोडी बोटांच्या पेरांवर बसायची. सभेचं दार आतून बंद असायचं आणि सर उठेपर्यंत कोणी हलायचं नाही. ज्याची बोटं कधी सुजली नाहीत तो कसला हाडांचा डॉक्टर, असं जुने लोक कौतुकाने सांगत.

"सर, माझं ऐकून तरी घ्या," ती म्हणाली. "वॉर्डातल्या छोटीच्या कोपराला काल तुम्ही प्लास्टर घातलंत. तिची बोटं गार पडलीत. नुसती सरळ केली तरी किंचाळते. मला ते कापू द्या."

सरांनी घातलेलं प्लास्टर सरांच्या परवानगीशिवाय कापायचं नाही, हा तिथला कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलाही कोणी नव्हता.

"म्हणजे मी घट्ट बांधलं?"

"सूज वाढली असेल, सर. उशीर झाला तर हात जाईल तिचा."

"ऐका रे! बाईसाहेब आज आपली शिकवणी घेणार आहेत." सगळे हसले. सर हसले नाहीत. "उजवा हात टेबलावर ठेवा."

तिने ठेवला. हातोडी खाली आली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. समोर सगळे हाडांचेच डॉक्टर बसले होते. तो आवाज कसला, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पण सगळ्यांच्या माना खाली.

"आता प्लास्टर किती दुखतं तेही बघू. थोरल्या, पट्ट्या भिजव."

थोरला म्हणजे शेवटच्या वर्षाचा डॉक्टर, सरांचा उजवा हात. त्याने मुकाट्याने पट्ट्या भिजवल्या. सरांनी खाली कापूसही न लावता तिचा हात पंजापासून कोपरापर्यंत करकचून आवळला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"बसा आता. सभा संपेपर्यंत."

ती बसली नाही. टेबलावरची प्लास्टर कापायची मोठी कात्री तिने डाव्या हाताने उचलली.

"कुठे निघालात?"

"वॉर्डात."

"या दारातून बाहेर गेलात तर परत यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने कडी काढली.

वॉर्डात छोटीची आई लेकीच्या बोटांवर फुंकर घालत बसली होती. "डॉक्टरीणबाई, बघा हो, कशी निळी पडलीत!"

"धरून ठेवा हिला."

डाव्या हाताने प्लास्टर कापणं म्हणजे दगडाशी झोंबणं. कात्री घसरायची, पुन्हा लावायची. भुवईचं रक्त पांढऱ्या प्लास्टरवर ठिबकत होतं. छोटी तिच्या दंडाला कडकडून चावली. तिने चावू दिलं. शेवटी प्लास्टर उकललं, आतली पट्टी फाटली, आणि फुगलेली, फोडांनी भरलेली कातडी बाहेर आली.

तेवढ्यात सर आणि मागोमाग सगळी सभा तिथे येऊन उभी राहिली. सरांनी छोटीची नाडी बघितली. त्यांचा चेहरा उतरला.

"ऑपरेशनची तयारी करा," ते म्हणाले.

त्या दिवशी सरांच्या हातांनी कमाल केली. हात चिरून त्यांनी दबलेली नस मोकळी केली, आणि छोटीच्या बोटांत हळूहळू गुलाबी रंग चढला. तेवढा वेळ बाईसाहेब डाव्या हाताने रक्ताची बाटली उंच धरून उभी होती.

मग सर घरी गेले. बाकीचे जेवायला गेले. तिने स्वतःच्या प्लास्टरला कात्री लावून पाहिली, पण डाव्या हातात त्राणच उरलं नव्हतं. कात्री खाली पडली.

"दादा," ती थोरल्याला म्हणाली, "हे कापा ना. बोटं असल्यासारखी वाटतच नाहीत."

थोरल्याने कात्री उचलली. तिची काळीनिळी बोटं बघितली. मग कात्री हलकेच टेबलावर ठेवली.

"सरांना विचारून येतो," तो म्हणाला.

सर झोपले होते. झोपलेल्या सरांना उठवायची कोणाची छाती नव्हती. थोरला त्यांच्या दाराशी संध्याकाळपर्यंत उभा राहिला.

छोटी मोठी झाली आणि शहरात बस चालवायला लागली. जबरी चालवते म्हणतात. सर मानाने निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना चांदीची हातोडी भेट मिळाली. बाईसाहेबांची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. ती एक्स-रे विभागात गेली आणि लोकांची हाडं बघून डाव्या हाताने लिहीत राहिली. थोरला पुढे विभागप्रमुख झाला. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने सभेच्या खोलीत एक पाटी लावून घेतली: 'कोणाचंही प्लास्टर कोणीही कापावं. विचारायला जाऊ नये.'

पाटी अजून आहे. नवे डॉक्टर ती वाचून हसतात. एवढी साधी गोष्ट भिंतीवर लिहायची काय गरज, असं विचारतात.