पोलादी पंजा
"दोन बोटांत दाबतो मी क्लच! ऐंशी उलटली तरी पंजा पोलादी आहे," ओरेस्ते बारबाहेर बढाई मारत होता. "मग माझ्या गाडीचा दाबून दाखव की," नेरिओ म्हणाला. दोघांच्या जुन्या मोटरसायकली एकाच बनावटीच्या, एकाच सालच्या. ओरेस्तेने दातओठ खाऊन जोर लावला. क्लच तसूभरही हलला नाही. खजील होऊन तो आपल्या गाडीपाशी वाकला. इंजिनाजवळ, तार अडकते त्या दांडीला कुणीतरी बोटभर जोड देऊन ती लांबवली होती, क्लच हलका केला होता. जोडावर द्राक्षवेलीची नक्षी होती. लग्नाच्या आहेरातल्या, घरातून हरवलेल्या पळीचा दांडा! घरी बायको कपानेच सूप वाढत होती. "पळी सापडली का गं?" "नाही. तू ते मोटरसायकलचं भंगार विकलंस का?" ती नेहमीसारखी खेकसली. "नाही." त्याने वाडगा पुढे केला. "आणि तू पळी शोधू नकोस. कपाने वाढलेलं जास्त गोड लागतं."