दहाव्याचा परवाना

घाटावरच्या पारखे कारकुनाने अस्थींच्या गाडग्याला किरणमापक टेकवला, तसा तो किरकिरू लागला.

"मर्यादेबाहेर आहे, मावशी. नदीत सोडता येणार नाही. नदी दूषित होईल."

द्वारकाबाईंची ही तिसरी खेप होती आणि आज नवऱ्याचा दहावा होता. वाद घालायचं बळ उरलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, त्यांनी चाळीस वर्षं हिच्यातच जाळं टाकलं, हिचेच मासे खाल्ले. हाडांत जे साठलं ते हिचंच की! जरा पाण्यालाही लावा ना ते यंत्र."

"पाणी आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे फक्त मयत."

पलीकडच्या काठावर खत कारखान्याच्या टाकाऊ, किरणोत्सर्गी जिप्समचा पांढरा डोंगर उन्हात चमकत होता. त्याच्या पायथ्याचा नळ नदीत धो धो रिकामा होत होता.

"मग ह्यांना कसं चालतं?"

"त्यांना परवाना आहे." पारख्यांनी आवाज उतरवला. "तिकडे अर्ज द्या. ते त्यांच्या नळातून सोडतात. हल्ली सगळे तेच करतात."

द्वारकाबाई गाडगं पदराखाली घेऊन पूल ओलांडून गेल्या. कारखान्याच्या फाटकावर रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं गाडगं होतं. दुपार कलताना त्यांचा नंबर लागला.

"मालाचं नाव?" पहारेकऱ्याने मान वर न करता विचारलं.

उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं नाव द्वारकाबाईंनी घेतलं. "हिरामण."

पहारेकऱ्याने लिहिलं, 'जिप्सम'.